घरमालकांचा तळवा

१२ सप्टेंबर

प्रिय बारके,

जाऊन आले गं. सुखरूप आहे, फक्त गुडघे कुरकुरतायत. एवढी वर्षं जाते तरी तो चढ काही माझ्या ओळखीचा होत नाही, दर खेपेला नव्यानं धाप लावतो.

धबधबा यंदा भरून वाहत होता. वळण यायच्या आधीच आवाज कानावर आला, नेहमीसारखाच. खाली पडल्यावर नदी थोडा वेळ कशी शहाण्यासारखी वाहते, तुला आठवत असेल. गोट्यांवरून खळखळ करत, उन्हात चमकत येते आणि सरळ गुहेत शिरते. आत अगदी शेवटी कातळाखाली ती फट. एवढी मोठी नदी त्या फटीत जाते आणि आवाजच बंद होतो. तो आवाज बंद होतो ना, ते मला सहन होत नाही. तुझा दादा तिथंच पाय घसरून गेला. तूच बघितलंस, मी नव्हते, पण दर वर्षी मला ते दिसतंच.

गुहेबाहेर सगळ्यांची पायताणं ओळीनं काढलेली असतात. रडू येत असताना पण माझी नजर तिकडे गेलीच. एका बाईंची टाच अशी वाकडी झिजलेली की हाताला धरून दुकानात आणावंसं वाटलं. धंदा काही माणसाला सोडत नाही. यांचे बूटही असेच त्या ओळीत सापडले होते, टाचेला टाच लावून नीट ठेवलेले. अजून माझ्या खिडकीवरच्या फळीवर आहेत. गुहेच्या राखणदारबाबांनी मला ओळखलं. दर वर्षी म्हणतात तेच म्हणाले, इथं गेलेलं परत येत नाही, बाई, मनाला लावून घेऊ नका.

आता खरं सांगते. यंदा मी यांना काहीतरी विचारायला गेले होते. आपले साचेवाले आहेत ना, पावलांचे लाकडी साचे कोरून देतात ते? त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात साचे टेकवून उभेच राहिले. मी म्हटलं, बसा. बसले, स्टूल डुगडुगलं, तर उठून आधी स्टुलाचा पाय नीट केला. मग म्हणाले, "दोन दुकानं चालवण्यापेक्षा एक चालवावं, असं माझ्या मनात आहे. तुमच्या मनात काय आहे?" आता यावर हसावं की रडावं! मी दोन्ही केलं, ते गेल्यावर.

गुहेत उभी राहून यांना सांगणार होते, पण नुसते हात जोडून परत आले. म्हणून तुला विचारते. यांचं माणूस म्हणून तूच आहेस मला. तू हो म्हणालीस तर मी हो म्हणेन. नाही म्हणालीस तर तो विषय संपला. उत्तर लवकर दे, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
वहिनी

२५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र धुलाईघरात वाचलं. हातातली चादर तशीच राहिली, इस्त्री ठेवली होती तिथं पिवळा डाग पडला. हॉस्पिटलची चादर, मुकादमबाईंनी पाणउतारा केला तो वेगळाच.

वहिनी, रागावू नकोस. मला नाही पटत. साचेवाले वाईट आहेत असं नाही. पण एवढी वर्षं थांबलीस, आता ही काय घाई? दादाला काय वाटेल याचा विचार केलास? तो असा गेला, हाती काही लागलं नाही, मग तू मोकळी झालीस असं कसं म्हणायचं? मला नीट सांगता येत नाही, पण यात काहीतरी चुकीचं होईल असं वाटतं. तुझ्यावरच शेकेल. निदान अजून थोडी थांब. माझ्यासाठी.

दुसरं एक काम. आमच्या घरमालकांचा उंचीचा तळवा पार गेलाय. तू बनवून दिलेला होता तोच. आखूड पाय तो, त्यांना त्याच्याशिवाय जिना चढवत नाही. पावलाचं माप काढलेला कागद मला कुठेच सापडेना, म्हणून जुना तळवाच पार्सलने पाठवते. त्यांनी टाकून द्यायला ठेवला होता, मी उचलला. त्याच्यावरून कर. गावात एकाकडून करून घेतला होता, पण चावतो म्हणतात. तुझ्या हातचाच लागतो त्यांना.

तब्येतीला जप.

तुझीच,
बारकी

६ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तुझं पत्र आलं. वाचून थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मग विचार केला, तुझा एकुलता एक भाऊ, तुझ्या डोळ्यांदेखत गेलेला. माझं घर पुन्हा मांडलेलं बघताना तुझ्या काळजाला किती चरे पडतील. मी माझंच धरून बसले, तुझं मन बघितलंच नाही. चुकलं माझं.

साचेवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, साच्यांची पिशवी उचलली आणि दारातून वळून एवढंच विचारलं की लहान मापांचे साचे पुढच्या महिन्यात आणू का. मी म्हटलं आणा. मग दिवसभर एका बुटाला दोनदा टाच ठोकली आणि दोनदा उपटली. हे तुला तुझा जीव जाळायला सांगत नाहीये. सांगायला दुसरं कोण आहे मला?

पार्सल आलंय, अजून सोडलं नाही. शाळेच्या बुटांचं काम अंगावर आहे. तेवढं संपलं की घरमालकांचंच घेते. खरं सांगू, त्यांचं काम करायला मला आवडतं. यांच्यासारखाच डावा पाय, तोही आखूड. तळवा कापायला घेतला की हात आपोआप यांच्यासाठी चालल्यासारखा चालतो. त्यांच्या छोटीला ते लाल बूट झाले का गं? बटण जरा उजव्या अंगाला लावलं होतं, लहान मुलांना तिथं सोपं जातं. हौसेनं केले होते. मला स्वतःचं लेकरू असतं तर त्याचे पहिले बूट असेच केले असते.

तुझी,
वहिनी

१५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

किती बरं वाटलं म्हणून सांगू! छातीवरचा दगड उतरला. तुझ्यासारखी वहिनी शोधून सापडणार नाही. बघ, यातच तुझं भलं आहे.

लाल बूट मस्त झाले, छोटी झोपतानासुद्धा काढत नाही. तळव्याचं तेवढं बघ, घरमालक रोज विचारतात.

तुझीच,
बारकी

१९ नोव्हेंबर

बारके,

तुझी मागची दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण लिहायला घेतलं की कागद फाडत होते. आजचा फाडणार नाही.

शाळेचं काम संपल्यावर पार्सल सोडलं. तळवा हातात घेतला, माप घ्यायला पालथा केला, पुन्हा उलटा केला. आणि हात थांबला.

पाऊल म्हणजे माणसाची खोड असते, बारके. कुणी टाच घासतं, कुणी चवड्यावर भार टाकतं. माझं आयुष्य लोकांच्या खोडी दुरुस्त करण्यात गेलंय. तुझ्या दादाचं डावं दुसरं बोट अंगठ्याहून लांब. ते आत वळायचं आणि चामडं खायचं. म्हणून त्याच्या तळव्याला त्या जागी मी आधीच ठिगळ लावून ठेवायची. घरमालकांना कशाला लावू ठिगळ? त्यांची खोड मला काय ठाऊक? आणि त्यांच्या तळव्याला नेमकं तिथंच भोक. टाचेच्या बाहेरच्या कडेला घासलेली चंद्रकोर, खुर्चीतून उठताना पाय वळवून उठणाऱ्याची. त्या पाय वळवण्यावरून मी त्याला किती टोकलं होतं, तू ऐकलंयस.

तरी मी स्वतःलाच वेड्यात काढलं. म्हटलं, असेल एखाद्याचं पाऊल तसं. मग फळीवरचे बूट काढले, गुहेबाहेर सापडलेले. त्यातला तळवा ओढून काढला. त्यालाही त्याच जागी भोक, ठिगळासकट झिजलेलं. दोन्ही एकावर एक ठेवले आणि खिडकीशी धरले. भोकावर भोक बसलं. आरपार उजेड आला, बारके. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, ते माझ्याकडे बघून पाणी आणायला धावलं.

मग एकेक आठवायला लागलं. तुमच्या त्या गुहेच्या सहलीच्या आधी त्याने एक जास्तीचा जोड करून मागितला होता. स्वतःहून कधी काही न मागणारा माणूस. मी किती खूश झाले होते! दोन दिवस दुसरं काम बाजूला सारून केला. तो जोड गुहेबाहेर सापडला नाही, घरातही नव्हता, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की तो गेला कुठे. माझ्याच हातच्या बुटांत तो चालता झाला तर.

मला एकच विचारायचंय. घरमालक कोण आहेत? लांबण लावू नकोस. होय की नाही, एवढंच लिही.

आणि हेही लिही की त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तू जी रडत होतीस, ते काय होतं? मी तुझे केस कुरवाळत होते. मी तुला समजावत होते, बारके. मी तुला!

वहिनी

३० नोव्हेंबर

वहिनी,

होय.

त्या दिवशीचं रडणं खोटं नव्हतं, एवढं तरी मान. भीतीनं रडत होते. तू केस कुरवाळत होतीस म्हणून जास्तच रडत होते.

त्याच्या मागच्या वर्षी दादा माझ्याकडे राहायला आला होता ना, तेव्हा आमच्या धुलाईघरातल्या एका बाईशी त्याची ओळख झाली. मी काही केलं नाही, माझ्या नकळतच झालं ते. मला कळलं तेव्हा फार पुढे गेलं होतं. त्याला तिच्याकडे यायचं होतं आणि तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. गुहेच्या मागून वर एक पायवाट आहे. तो तिकडून गेला, मी इकडे ओरडले. त्याने मला शपथ घातली होती. मोठा भाऊ तो, मी काय करणार होते?

तो म्हणाला, सोडून गेलो तर तिला टाकलेली बायको म्हणतील, लोक हसतील. मेलो तर निदान सगळे सांभाळून घेतील. आणि तसंच झालं की नाही, सांग? कुणी तुला वावगं बोललं? सगळ्यांनी मान दिला, दुकान चाललं. मला खरंच वाटत होतं, यात तुझंही भलं आहे. साचेवाल्यांचं कळलं तेव्हा मात्र घाबरले. दादा जिवंत असताना तुझं लग्न झालं असतं तर तूच अडकली असतीस. म्हणून नको म्हटलं. वाईट हेतूनं नाही.

आता पाया पडते, कुणाला सांगू नकोस. चौकीवर मी खोटा जबाब दिलाय, माझी नोकरी जाईल. छोटी चार वर्षांची आहे, तिचं यात काय चुकलं? दादासुद्धा खचलाय. तुझं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

कोणत्या तोंडानं विचारू, पण तळव्याचं काय करायचं? राग आमच्यावर काढ. त्याला खरंच चालवत नाही गं.

बारकी

२० डिसेंबर

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. उंचीच्या तळव्याची आपली ऑर्डर हे दुकान पुरी करू शकत नाही. त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या डाव्या पावलाचा लाकडी साचा सोबत पाठवत आहोत. दुसऱ्या बोटाची जागा खडूनं दाखवली आहे. तिथं आधीच ठिगळ लावायला सांगावं. साचा बघून कोणीही चांगला कारागीर तळवा करून देईल. यापुढे या दुकानाकडे काम पाठवू नये.

नाही जमत मला हे, बारके. गिऱ्हाईक समजून लिहायला बसले होते, चार ओळींतच थकले.

केसानं गळा कापलात तुम्ही. त्याचं मी एक वेळ समजू शकते. नवरा होता, कंटाळला, भित्रा होता, पळाला. असतात असे. पण तू? दर वर्षी मी त्या चढावरून घरी आले की तुला पत्र लिहायची, आणि तू मला उलट टपाली लिहायचीस की दादाची तुलाही आठवण येते. कुठे बसून लिहायचीस ते? शेजारच्या खोलीत तो असायचा का? त्याला वाचून दाखवायचीस का?

मला लोकांनी मान दिला म्हणतेस. मान घेऊन मी काय करू? मला टाकलेली म्हणाले असते तर चार दिवस रडले असते, पाचव्या दिवशी चिडले असते, आणि मग माझी मी जगायला लागले असते. तुम्ही मला चिडूसुद्धा दिलं नाहीत. हात जोडून उभं केलंत, रिकाम्या फटीपुढे. आणि एवढ्या वर्षांनी एक माणूस माझं स्टूल नीट करून बसला, तर त्यालाही माझ्याच तोंडून नाही म्हणायला लावलंत. वर लिहितेस, छातीवरचा दगड उतरला.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा तिथं गेले होते. वर्ष झालं नव्हतं, तरी गेले. गुहेत शिरले नाही. तुझी ती मागची पायवाट शोधून काढली, डोंगर चढून पलीकडे उतरले. तिथं नदी आहे, बारके. पुलाखालून आरामात वाहते. बाया कपडे आपटत होत्या. मी विचारलं, हे पाणी कुठून येतं? एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणाल्या, गुहेतून, आणि कुठून? परत येताना राखणदारबाबांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "पाणी पलीकडे निघतं हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, बाई. तुम्ही कधी विचारलंत?"

खरंच नाही विचारलं. तू लहान असताना तुझे शाळेचे बूट चावायचे. तू बोलायची नाहीस, मुकाट लंगडत यायचीस आणि मी न विचारता आत मऊ चामडं लावायची. मला वाटायचं, तुझं सगळं मला न सांगता कळतं.

आता विचारणार आहे. सोमवारी चौकीवर जाऊन मोठ्यानं विचारणार आहे. दोन्ही तळवे आणि तुझं ते पत्र बरोबर नेते. तू आपणहून येऊन खरा जबाब दिलास तर तुझ्यावर कमी शेकेल, म्हणून आधी कळवतेय. नाही आलीस तरी मी जाणार. मला माझी सुटका हवी आहे, रीतसर, कागदावर. साचेवाल्यांना सगळं सांगितलं. तो साचा हातात फिरवत बसले, त्यांनीच कोरलेला होता. मग म्हणाले, सोमवारी दुकान बंद ठेवतो, तुमच्याबरोबर येतो. पुढचं मी त्यांना अजून काही म्हटलेलं नाही. कुणावर विश्वास टाकायचा म्हटलं की सध्या हात मागे येतो. तो आजार तुम्ही मला लावलात.

वहिनी म्हणून हे शेवटचं.

ता. क. छोटीला लाल बूट आता लहान होत असतील. या वयात पाय भराभर वाढतात. पुढचे दुसरीकडून करून घ्या, पण एक माप वाढवून घ्या. आणि चावतात का ते तिला विचारत जा. लहान मुलं आपणहून सांगत नाहीत.